नाक तेवढं तसंच राहू द्या

बँकेला केवायसीसाठी नवे फोटो हवे होते, म्हणून कोपऱ्यावरच्या स्टुडिओत गेलो. तिथल्या पोराने स्टुलावर बसवलं, "काका, हनुवटी खाली, खांदे सरळ" असं दोन-तीनदा म्हणाला आणि फोटो काँप्युटरवर घेतला. मी काउंटरवर रेलून बघत होतो. माउसच्या चार खटक्यांत गालावरचा तीळ गेला, डोळ्यांखालचा काळेपणा गेला आणि आमच्या घराण्यात पणजोबांपासून मधोमध वाकडं चालत आलेलं नाक सरळ झालं. मी "अरे" म्हणेपर्यंत प्रिंट बाहेर आली होती. "जरा सेट केलंय काका, बरं दिसतं," तो म्हणाला. बरं दिसत होतं, यात वादच नाही. मी पैसे दिले, पाकीट खिशात घातलं. बँकेतल्या बाईंनीही तो फोटो निमूट फॉर्मवर डकवून घेतला. म्हणजे त्या सरळ नाकाच्या गृहस्थाला मी ओळखत नसलो तरी बँक ओळखते. पण मनाला चुटपुट लागली ती लागलीच. मला कुणी नाक बदलू का असं विचारलंच नव्हतं, आणि विचारलं असतं तर मी काय म्हणालो असतो हेही मला नक्की सांगता येईना. रात्री जेवताना बायको म्हणाली, "एवढं काय त्यात?" खरंच, एवढं काय त्यात. पण डोक्यात घोळत राहिला तो हॉलिवूडचा खलनायक नट ली व्हॅन क्लीफ.

त्याला मात्र विचारलं होतं.

गोष्ट 'हाय नून'च्या वेळची. सिनेमा १९५२ चा, वेस्टर्न, म्हणजे घोडे-बंदुकांचा. व्हॅन क्लीफ न्यू जर्सीतल्या सॉमरव्हिलचा, जन्म १९२५ चा. महायुद्धात नौदलात, सुरुंग काढणाऱ्या जहाजावर होता. परत आल्यावर हिशेबनिसाचं काम धरलं आणि संध्याकाळी गावच्या हौशी नाटकमंडळीत जायला लागला. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माणूस एकदम ओळखीचा वाटला. आपल्याकडची अर्धी हौशी रंगभूमी बँका, एलआयसी आणि टपाल खात्यानेच तर जगवली. दिवसा खतावणी आणि रात्री तालीम. पुढे एका दौऱ्यावरच्या नाटकात तो लॉस एंजेलिसला पोचला आणि तिथे निर्माता स्टॅन्ली क्रेमरने त्याला पाहिलं. क्रेमरने त्याला डेप्युटीची, म्हणजे नायकाच्या हाताखालच्या अधिकाऱ्याची, मोठी भूमिका देऊ केली, अट एकच: ते गरुडासारखं नाक ऑपरेशन करून नीट करून घ्यायचं. सिनेमात एकही काम न केलेला, खिशात फारसं काही नसलेला तरुण. समोर गॅरी कूपरसारख्या बड्या नायकाबरोबरचा सिनेमा. हा नाही म्हणाला. डेप्युटीची भूमिका लॉइड ब्रिजेसला गेली आणि याला मिळाला जॅक कोल्बी, सूड घ्यायला आलेल्या टोळीतला एक. अख्ख्या सिनेमात त्याला एक शब्दही नाही. व्हॅन क्लीफ हा किस्सा पुढे मुलाखतींतून सांगायचा. सांगताना माणूस स्वतःची बाजू थोडी उजळ करतोच, ते धरून चाला. पण नाक पडद्यावर आहे, आणि ते बदललेलं नाही.

आता गंमत बघा. संवाद नसलेल्या याच माणसावर सिनेमा उघडतो. झाडाखाली खडकावर बसून सिगरेट ओढणारा एकटा माणूस, पाठीमागे गाणं सुरू. दूर घोडेस्वार दिसतो, हा उठतो, सिगरेट टाकतो. मग तिघं मिळून गावातून स्टेशनकडे जातात आणि बाराच्या गाडीची वाट बघत बसतात. हा मधूनच माउथ ऑर्गन वाजवतो. बस, एवढंच काम. पण त्या स्टेशनावरची दुपार आठवली की मला घड्याळ आणि रेल्वेचे रूळ यांच्याबरोबर हे नाक आठवतं, डोळ्यांच्या फटी आठवतात. डेप्युटीचा चेहरा मात्र मला प्रत्येक वेळी मुद्दाम आठवावा लागतो, आणि ब्रिजेसने काम वाईट केलंय असं मुळीच नाही. आपल्याकडे शोलेमधला सांभा असाच खडकावर बसला होता, हातात बंदूक घेऊन. मॅकमोहनला निदान 'पूरे पचास हजार' तरी मिळालं. कोल्बीला तेवढंही नाही.

माझी आणि या माणसाची पहिली भेट मिरजेत झाली. मामा रेल्वेत होता आणि रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी पिक्चर लागला की आम्हा भाचरांना घेऊन जायचा. तिकीट स्वस्त, पंखे आवाज करणारे, पुढच्या रांगांत शेंगांच्या टरफलांचा थर. रीळ बदलताना पडदा पांढरा व्हायचा आणि शिट्ट्या पडायच्या. अमेरिकन इंग्रजी कुणालाच कळत नसे, मामालाही नाही. पण तो आम्हाला गोष्ट सांगत राहायचा आणि निम्मी गोष्ट त्याची स्वतःची असायची. आता वाटतं, ते बरंच झालं. भाषा कळत नसली की पोरं चेहरे वाचतात. कोण खोटं बोलतोय, कोण घाबरलाय, कोण आता बंदूक काढणार, हे आम्हाला नेमकं कळायचं. आणि मामाचा एक सिद्धांत होता. "तो बारीक डोळ्याचा आला ना," तो कानात सांगायचा, "की बघ, आता मुडदा पडणार." थोडं थांबून, "आणि शेवटी त्याचाच पडणार."

मामाचा सिद्धांत अमेरिकेत तेरा वर्षं अगदी बिनचूक लागू होता. 'हाय नून'पासून १९६५ पर्यंत व्हॅन क्लीफने काय केलं, तर मरायचं काम केलं. टोळीतला तिसरा, सरदाराच्या डाव्या हाताचा, दार अडवून उभा राहणारा, पहिल्या गोळीबारात पडणारा. कधी वेस्टर्न, कधी शहरातला काळोखा गुन्हेपट. १९५५ च्या 'द बिग काँबो'त तो आणि अर्ल हॉलिमन ही मारेकऱ्यांची जोडी आहे, फँटे आणि मिंगो. पोलिसांपासून लपून एका बिळात दिवस काढताहेत. खायला रोज तेच. मिंगो म्हणतो, आता हे सलामीचं मांस घशाखाली उतरत नाही. फँटे त्याच्याकडे बघतो, आणि त्या बघण्यात काळजी आहे, वैताग आहे आणि बरंच काही आहे जे १९५५ साली उघड म्हणता येत नव्हतं. मग बॉस खोका घेऊन येतो. यांना वाटतं पैसे आले. खोक्यात बाँब. पडद्यावरचा वेळ मोजून काही मिनिटांचा, पण ती जोडी त्या सिनेमातल्या नायक-नायिकेपेक्षा जास्त खरी वाटते. हा माझा हेका समजा हवं तर.

त्या काळात तिकडे एका तिकिटात दोन सिनेमे दाखवायची रीत होती. वरच्या मोठ्या सिनेमाला गल्ल्यातला टक्का मिळायचा, खालच्याला ठरावीक भाडं. खालचा कितीही चालला तरी पदरात पडणार तेवढंच. मग खर्चही त्याच मापाने. हा खालचा सिनेमा म्हणजे बी मूव्ही. पन्नाशीच्या दशकात काही हुशार लोकांनी दोन्ही सिनेमे आपलेच, दोन्ही स्वस्तातले, जोडून द्यायला सुरुवात केली, म्हणजे पूर्ण भाडं आपल्याकडे. निर्माता-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन त्यातला. त्याच्या १९५६ च्या 'इट कॉन्कर्ड द वर्ल्ड'मध्ये व्हॅन क्लीफ चक्क शास्त्रज्ञ आहे. घरातल्या रेडिओवरून शुक्रावरच्या प्राण्याशी गप्पा मारतो आणि तो माणसाचं भलं करील या भरवशावर त्याला पृथ्वीवर बोलावून घेतो. प्राणी येतो. तो दिसतो उभ्या केलेल्या जाड काकडीसारखा, वर शिंगं आणि दात. सुरुवातीला तो इतका बुटका बनवला होता म्हणे की नायिका बेव्हर्ली गार्लंडने सेटवर त्याला बघून टोमणा मारला आणि एक लाथ घातली. मग त्याची उंची वाढवण्यात आली. शेवटी व्हॅन क्लीफ हातात ब्लोटॉर्च घेऊन गुहेपाशी जातो आणि त्या काकडीच्या डोळ्यात जाळ घालतो. हा प्रसंग मी मित्रांबरोबर पाहिला तेव्हा सगळे हसून लोळले. मीही हसलो. पण मग पुन्हा एकट्याने पाहिला. तो माणूस फसवला गेलाय, बायको गेलीय, जगाचं वाटोळं त्याच्या हातून झालंय, आणि हे सगळं तो रबराच्या बाहुल्याकडे बघून खरोखरीचं करतोय. कुठेही डोळा मिचकावत नाही. आयुष्यातले सगळ्यात लांब संवाद त्याला तोवर मिळाले असतील तर ते बहुधा इथेच, या काकडीसमोर. आणि त्याने ते वाया घालवले नाहीत.

त्याच दशकात टीव्हीवर वेस्टर्न मालिकांचा पूर आला होता. रात्रीच्या मुख्य वेळेत एकाच हंगामात पंचवीसहून जास्त. तिथेही हा होताच. एका आठवड्यात एका गावात मरायचं, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. पोट भरत होतं. मग १९५८ मध्ये गाडीला मोठा अपघात झाला आणि गुडघा गेला. डॉक्टर म्हणाले, घोड्यावर बसणं विसरा. वेस्टर्नमध्ये मरायलासुद्धा आधी घोड्यावरून यावं लागतं! तो काही महिन्यांत पुन्हा बसायला लागला, पण दुखणं जन्माचं मागे लागलं. कामं पातळ होत गेली. १९६२ च्या 'द मॅन हू शॉट लिबर्टी व्हॅलन्स'मध्ये तो दिसतो तो परत दुसऱ्याच्या मागे उभा, लिबर्टी व्हॅलन्स झालेल्या ली मार्व्हिनच्या. मार्व्हिन चाबूक फिरवतो, दात काढून हसतो, पडदा खाऊन टाकतो, हा शेजारी. घरी बायकोबरोबर घरं सजवून द्यायचा धंदा काढला होता, आणि चित्रं काढायचा, समुद्राची, निसर्गाची. टेलिफोनचं बिल भरायला पैसे नव्हते, असं त्याने नंतर सांगितलंय. एवढा एक तपशील मला कुठल्याही चरित्रापेक्षा जास्त सांगून जातो. फोन कट झाला की काम देणारा माणूस तुम्हाला गाठणार कसा?

पण गाठणारा विमानाने आला.

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेला 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मधल्या कर्नल मॉर्टिमरसाठी, बक्षिसासाठी गुन्हेगारांच्या मागे लागणाऱ्या माणसासाठी, नट हवा होता. त्याला हवा होता ली मार्व्हिन. तो मिळाला नाही, 'कॅट बलू'मध्ये अडकला होता. तेव्हा लिओनेला जुन्या वेस्टर्नमधला, मागे उभा राहणारा तो चेहरा आठवला. ज्या मार्व्हिनच्या मागे तीन वर्षांपूर्वी हा उभा होता, त्याच मार्व्हिनने सोडलेली जागा आता याच्याकडे आली. आणि मार्व्हिनने त्या 'कॅट बलू'साठी ऑस्कर मिळवलं, दुहेरी भूमिकेत. त्यातली एक भूमिका कुणाची, तर मारामारीत नाक गमावलेल्या आणि चांदीचं नाक लावून फिरणाऱ्या बंदूकबाजाची. हे मी कथेत लिहिलं असतं तर संपादकाने फार जुळवून आणलंय म्हणून परत पाठवलं असतं.

मॉर्टिमरचा प्रवेश बघाच. आगगाडीचा डबा. एक माणूस तोंडासमोर बायबल धरून बसलाय, वर काळी हॅट. समोरचा प्रवासी त्याला पाद्री समजून बडबडतोय. टुकमकारीला जायचंय म्हटल्यावर सांगतो, ही गाडी तिथे थांबत नाही. पुस्तक खाली येतं. पहिल्यांदा चेहरा दिसतो: नाक, गालफडं, मिशी, त्या फटी. थांबेल, एवढं म्हणतो, आणि वेळ आली की शांतपणे साखळी ओढतो. तेरा वर्षं ज्या चेहऱ्यावरून कॅमेरा घाईघाईने नायकाकडे पळत होता, तो कॅमेरा आता या चेहऱ्यापाशी थांबला. चेहरा तोच. उलट थोडा जास्त सुरकुतलेला, गुडघ्याचं दुखणं पोटात ठेवून बसलेला. पुढे एक गुंड घोड्यावरून पळताना दिसतो तेव्हा मॉर्टिमर पळत नाही, ओरडत नाही. घोड्याच्या बगलेला बांधलेली चामड्याची गुंडाळी सोडतो, त्यात ओळीने हत्यारं. त्यातलं एक निवडतो, नेम धरतो, घोडा पाडतो. मग तो गुंड उठून गोळ्या झाडत याच्याकडे चालत येतो, गोळ्या अलीकडे मातीत पडताहेत, आणि हा लांब नळीच्या पिस्तुलाला मागचा दांडा बसवतोय. तो दांडा बसवण्याचा बारीक आवाज आणि हाताची चाल. जुन्या बाजारात घड्याळ दुरुस्त करणारे असतात ना, भिंग डोळ्याला लावून बसलेले, तशी. घाई हा शब्दच त्या हाताला माहीत नाही. मला वाटतं, यात हिशेबनीस आहे. अंतर किती, गोळी कुठवर जाते, किती सेकंद हातात आहेत, सगळी बेरीज आधीच झालेली.

इटलीत तेव्हा सेटवरचा आवाज घेतच नसत. एक नट इंग्रजी बोलतोय, दुसरा इटालियन, तिसरा जर्मन वळणाने. सगळं नंतर स्टुडिओत भरायचं. म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी बोलण्यावर भिस्त नाही, चेहऱ्यावर आहे. ज्याला पहिल्याच सिनेमात एक शब्दही मिळाला नव्हता, त्याला याचा काय त्रास होणार? स्पेनच्या दक्षिणेला अल्मेरियाच्या वाळवंटात टेक्सास उभं केलं होतं. त्यातल्या एल पासोच्या बाजारपेठेचा सेट अजून टाबेर्नासजवळ उभा आहे, लोक तिकीट काढून बघायला जातात. त्या रस्त्यावर मॉर्टिमर आणि क्लिंट ईस्टवूड एकमेकांच्या हॅटी उडवतात, तो प्रसंग बालिश आहे आणि मला फार आवडतो. ईस्टवूड त्याला म्हातारा, म्हातारा म्हणून डिवचत राहतो. दोघांच्या वयात अंतर फक्त पाच वर्षांचं. व्हॅन क्लीफ चाळिशीतच होता. पण तेरा वर्षं सतत मरून त्याच्या चेहऱ्यावर जे काही साचलं होतं, ते पन्नाशी ओलांडलेल्या कर्नलला पुरून उरलं.

आणि मिरजेच्या त्या थेटरात मामाचा सिद्धांत पहिल्यांदा फसला. शेवटची गोलातली लढत, ते वाजणारं खिशातलं घड्याळ, बहिणीच्या सुडाचा हिशेब. आणि बारीक डोळ्याचा मेलाच नाही. वर बक्षिसाचे सगळे पैसे ईस्टवूडला देऊन रिकाम्या हाताने घोड्यावरून निघून गेला. मामा परतीच्या वाटेवर गप्प होता. गांधी चौकात आल्यावर म्हणाला, "पैसे कशाला सोडले पण?" आम्हाला कुणालाच सांगता आलं नाही. बहिणीची भानगड मामाच्या गोष्टीत नव्हतीच. त्याने ते घड्याळ चोरीचं ठरवलं होतं.

पुढच्याच वर्षी 'द गुड, द बॅड अँड द अग्ली'. जग त्याला ओळखतं ते या 'बॅड'मुळे. सुरुवातीला तो एका शेतकऱ्याच्या घरी येतो, न विचारता टेबलावर बसतो आणि त्याच्यासमोर वाडग्यातलं कालवण खायला लागतो. बराच वेळ कुणी बोलत नाही. चमचा, पाव, चघळणं, नजर. जेवून झालं की खून. भीती वाटते ती बंदुकीची नाही, त्याला भूक लागलीय याची. हे काम थोर आहे, पण मला मॉर्टिमर जास्त जवळचा. 'बॅड'मध्ये आतलं काही उघडत नाही, आणि तसंच ठेवायचं ठरलेलं आहे; मॉर्टिमरमध्ये एका क्षणी, बहिणीच्या फोटोपाशी, ती फट थोडी मोठी होते. 'बॅड'मध्ये मी दरवेळी बघतो ते वेगळंच. कब्रस्तानातल्या त्या तिघांच्या शेवटच्या लढतीत कॅमेरा पिस्तुलाजवळच्या हातांवर येतो आणि तिथे दिसतं, याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं टोक नाही. प्रेक्षकाला वाटतं, कुठल्या तरी चकमकीत गेलं असणार. ते गेलं होतं मुलीसाठी खेळायचं घर बांधताना.

याच सिनेमात त्याला एका बाईला मारहाण करायची होती. ते करायला तो तयार नव्हता, म्हणून त्या शॉट्सना दुसरा माणूस वापरला, असं सांगतात. हे वाचलं की मला निळूभाऊ आठवतात. निळू फुले पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे, पगारातला वाटा राष्ट्र सेवा दलाला द्यायचे, आणि पडद्यावरचा त्यांचा सरपंच बघून गावोगावच्या बाया त्यांना खरोखर शिव्या घालायच्या. तो तिरका बघणारा डोळा, ते घशातून ओढून काढलेलं हसू. त्यांना म्हणे ती शिवी म्हणजे पावती वाटायची. मला पूर्वी हे पटकन पटायचं. आता वाटतं, एखाद्या संध्याकाळी, घरी दमून आल्यावर, पावतीचाही कंटाळा येत असेल. हिंदीत तर या सगळ्याची उसनवारी उघडच चालली होती. 'खोटे सिक्के'मध्ये १९७४ साली फिरोझ खान ईस्टवूडच्या थाटात घोड्यावर आला. मॉर्टिमर मात्र कुणी उसना घेतला नाही. किंवा घेता आला नाही.

यानंतर व्हॅन क्लीफ युरोपात स्टार झाला, आणि इथून माझ्या मनात जरा ओढाताण सुरू होते. 'द बिग गनडाउन' उत्तम आहे. एका गरीब मेक्सिकनाच्या मागे लागलेला शिकारी, आणि शिकार निर्दोष आहे हे हळूहळू उमगणं. 'डे ऑफ अँगर'मध्ये तो गावाची घाण उपसणाऱ्या, सगळ्यांच्या लाथा खाणाऱ्या पोराला बंदूक शिकवतो, आणि त्या शिकवण्याची किंमत वसूल करतो. तो सिनेमा आपल्याकडच्या प्रेक्षकाला जास्त लागतो, का ते सांगायला नको. मग १९६९ चा 'साबाटा', दस्त्यातूनही गोळी सुटणाऱ्या पिस्तुलाचा, निव्वळ चैनीचा. तोवर ठीक. पण त्या साच्यातून पुढे इतक्या प्रती काढल्या की शाई पुसट होत गेली. 'कॅप्टन अपाची'त मिशी काढून तो अपाची जमातीचा मूळ अमेरिकन झाला आणि शीर्षकगीतही त्यानेच म्हटलं. ते एकदा ऐकलं तेवढं पुरे. 'गॉड्स गन' तर इस्रायलमध्ये उभारलेलं अमेरिकन गाव. त्यात तो पाद्री आणि त्याचा जुळा भाऊ असा दोन्ही आहे, आणि एकाच्या डोक्यावर जो विग चढवलाय त्याच्याकडे बघून मला त्या मेकअपवाल्याचा राग येतो. कथा पाठ, संगीत उसनं, धूळ मात्र तीच.

चिडावं की नाही, हे मला ठरवता येत नाही. ज्याने फोनचं बिल थकवून दिवस काढलेत, त्याने आलेलं काम का नाकारावं? थोर भूमिकांची वाट बघत बसायची चैन परवडणारे वेगळे असतात. आणि दुसरीकडे वाटतं, एकदा नाही म्हणता आलं होतं की याला, तेही खिसा रिकामा असताना. तो नाही म्हणणारा तरुण गेला कुठे? मग 'गॉड्स गन' पुन्हा लावतो (हो, लावतो), आणि त्या भयंकर विगखाली ते डोळे समोरच्या माणसाकडे बघताहेत, अगदी काकडीकडे बघत होते तसेच, मनापासून. चिडणं राहून जातं.

त्याचं तरुणपणीचं एक काम आणि उतारवयातलं एक, अशी दोन मला जोडून बघायला आवडतात. १९५३ मध्ये 'द बीस्ट फ्रॉम ट्वेंटी थाउजंड फॅदम्स'मध्ये बर्फातून जागा झालेला राक्षसी प्राणी न्यूयॉर्कवर येतो, आणि त्याला मारायला ज्या नेमबाज शिपायाला कोनी आयलंडच्या रोलर कोस्टरवर चढवतात, तो हा. काही मिनिटांची भूमिका. येतो, नेम धरतो, शहर वाचवतो. १९८१ मध्ये जॉन कार्पेंटरच्या 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क'मध्ये सगळं मॅनहॅटन तुरुंग झालंय आणि त्याचा पहारेकरी परत हाच, कानात डूल घालून, टेबलामागे बसलेला. वाचवलेल्या शहराला शेवटी कुलूप लावायलाही त्यालाच बसवलं. तिथे तो नायक कर्ट रसेलकडे बघून जे थंडपणे बोलतो, त्यात सगळी जुनी हत्यारं ओळीने ठेवलेली दिसतात.

मग १९८४ ची 'द मास्टर' ही मालिका. साठीला टेकलेला, वाईट गुडघ्याचा माणूस निंजा! काळा बुरखा घालून जो कोलांट्या मारतो तो अर्थातच जपानी मारामारीपटू नट शो कोसुगी आणि मंडळी. बुरखा काढला की व्हॅन क्लीफ, धाप न लागलेला. तेरा भागांत मालिका आटोपली आणि पुढे लोकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. टिंगल रास्त आहे. पण एखाद्या भागात तो त्या पोरसवदा शिष्याशेजारी नुसता बसलेला असतो, गाडीत, काहीच न करता, तेव्हा मी फॉरवर्ड करत नाही.

१६ डिसेंबर १९८९ रोजी कॅलिफोर्नियातल्या ऑक्सनार्डला तो हृदयविकाराने गेला, चौसष्टाव्या वर्षी. हॉलिवूड हिल्समधल्या कब्रस्तानात त्याच्या दगडावर नावाखाली 'बेस्ट ऑफ द बॅड' असं कोरलंय. माझा एक मित्र, याच वेडातला, म्हणतो की याहून चांगलं लिहिताच आलं नसतं. मला ते निम्मंच पटतं. त्यात फँटे कसाबसा बसतो, तो जेवणारा खुनी चपखल बसतो, पण मॉर्टिमर कुठे बसवायचा? आणि रोलर कोस्टरवरचा तो शिपाई? अर्थात दगडावर काय लिहायचं हे घरच्यांनी ठरवायचं, आणि ज्या धंद्यावर घर चाललं त्याचं नाव तिथे असावं यात काही गैर नाही. मी फक्त एवढंच म्हणतो की एखादी ओळ कर्नलसाठी सोडायला हवी होती. मित्र म्हणतो, सोडायचीच तर ती साबाटासाठी. यावर आमचं अजून मिटलेलं नाही.